चौतीस फूट

आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी सहा ते आठ अभ्यासिका चालते. पाचवी ते दहावीची तीस-पस्तीस पोरं येतात. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली, विज्ञान शिकवणं हे काही माझं काम नव्हे. पण विज्ञान घेणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ते पुस्तक माझ्या गळ्यात पडलं.

मागच्या पावसाळ्यात हवेच्या दाबाचा धडा चालू होता. नळीनं सरबत पिताना आपण नळीतली हवा ओढून घेतो, मग बाहेरची हवा ग्लासातल्या सरबतावर दाब देते आणि सरबत वर चढतं, असं सांगितलं. उदाहरण म्हणून पुढं बोलून गेले, "मैला उपसणारी सक्शन गाडी बघितली ना? तीही अशीच चालते. टँकरमधली हवा पंपानं काढून टाकतात, पाइप सेप्टिक टाकीत सोडतात आणि बाहेरची हवाच तो मैला टँकरमध्ये ढकलते."

नववीतला एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, "ताई, मग आमच्या पप्पांच्या वेळी ती गाडी का नाही आणली?"

त्याचे वडील आणि त्यांच्यासोबतचा एक तरुण, दोघं एका सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करायला गेले होते. आधी तरुण उतरला आणि आतच कोसळला. त्याला काढायला याचे वडील उतरले. दोघांचेही मृतदेहच बाहेर आले. त्या प्रकरणात मी पोलीस ठाण्यापासून कलेक्टर ऑफिसपर्यंत चकरा मारल्यात. पंचनामा, पोस्टमार्टेम, नुकसानभरपाईचा अर्ज, सगळे कागद मला पाठ आहेत. पण पोरानं विचारलेला प्रश्न त्यातल्या एकाही कागदावर नव्हता.

त्याला मी त्या दिवशी काही तरी थातूरमातूर उत्तर दिलं. खरं उत्तर शोधायला बसले, तेव्हा भौतिकशास्त्राच्या इतिहासात पार दोन हजार वर्षं मागं जावं लागलं. तोच प्रवास इथं मांडते आहे. मी वैज्ञानिक नाही, पण विज्ञान कोणी केलं, कोणाचं नाव राहिलं आणि कोणाचं गेलं, हा समाजशास्त्राचाही प्रश्न आहे.

सुरुवात माझ्या घरापासून करते. माझे वडील हिंगोली जिल्ह्यात हापसे दुरुस्त करणाऱ्या पथकात हेल्पर होते. जीपमध्ये पाइप, रॉड, चेन, पाने आणि एका डब्यात कातडी वायसर. गावोगाव जाऊन हापसा खोलायचा, दहा-दहा फुटांचे पाइप एकेक करून वर ओढायचे, खालच्या सिलिंडरमधलं झिजलेलं वायसर काढून नवं बसवायचं. बाबा चौथी शिकलेले. पण लहानपणी मी त्यांना म्हणाले होते की हापसा पाणी ओढतो, तर ते लगेच म्हणाले, "ओढत नाही बाई, उचलतो. वरून ओढायला गेलं तर पंचवीस-तीस फुटांच्या पुढं पाणी येतच नाही, कितीही जोर लाव. म्हणून सिलिंडर खाली पाण्यात सोडावा लागतो."

हे त्यांना कोणत्या पुस्तकानं शिकवलं नव्हतं. आणि आणखी एक गोष्ट मला आठवते. काही गावांत बाबा वरच्या आळीतला हापसा खोलायचे, आतलं वायसर स्वतःच्या हातानं बदलायचे, पाणी सुरू करून द्यायचे. आणि तहान लागली की प्यायला मात्र आपल्या वस्तीतल्या हापशावर यायचे. हात हापशाच्या पोटात गेलेले चालत होते, तोंडाजवळ गेलेले चालत नव्हते.

बाबांचं हे "पंचवीस-तीस फुटांच्या पुढं येत नाही" लक्षात ठेवा. आधुनिक भौतिकशास्त्राचं एक मोठं दार याच वाक्यानं उघडलेलं आहे.

प्राचीन ग्रीसमध्ये पोकळी असू शकते की नाही यावर मोठा वाद होता. पोकळी म्हणजे जिथं काहीच नाही, हवासुद्धा नाही, अशी जागा. डेमोक्रिटस म्हणायचा की जगात अणू आणि त्यांच्यामधली पोकळी एवढंच आहे. अॅरिस्टॉटल म्हणायचा की पोकळी असूच शकत नाही. पुढं यातूनच निसर्गाला पोकळीचं वावडं आहे ही समजूत रुजली आणि ती जवळपास दोन हजार वर्षं टिकली. पंपात पाणी का चढतं? तर निसर्ग पोकळी होऊ देत नाही म्हणून. उत्तर तयार होतं, तपासायची गरज कोणाला वाटली नाही.

त्याच काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात क्टेसिबिअस नावाचा माणूस होऊन गेला. हा न्हाव्याचा मुलगा. त्यानं दट्ट्या आणि झडपा वापरून पाणी जोरात वर ढकलणारा पंप बनवला. म्हणजे हातात यंत्र होतं आणि डोक्यात पोकळीचा वादही होता. पण दोघांची भेट होत नव्हती. ज्या समाजात कष्टाचं काम गुलामांचं आणि विचाराचं काम मालकांचं, तिथं ती होणार तरी कशी? प्लुटार्कनं लिहून ठेवलं आहे की आर्किमिडीजसारखा माणूसही यंत्रांच्या कामाला हलकं समजायचा. आर्किमिडीजला स्वतःला काय वाटत होतं ते सोडा. निदान प्लुटार्कला हे कौतुकानं सांगावंसं वाटलं, यातच सगळं आलं.

पुढं १२०६ साली अल-जझारी या कारागिरानं अरबी भाषेत यंत्रांवर ग्रंथ लिहिला. त्यात पाणी खालून शोषून घेणाऱ्या पाइपचा जोडपंप आहे. १५५६ साली जर्मनीतल्या खाणींवर अॅग्रिकोलाचं पुस्तक आलं. त्यातल्या चित्रात एकावर एक असे तीन पंप लावलेले दिसतात. खालचा पंप पाणी एका हौदात टाकतो, तिथून दुसरा, तिथून तिसरा. एकाच पंपानं सगळं पाणी वर का आणत नव्हते? कारण येत नाही हे खाणकामगारांना माहीत होतं. का येत नाही, हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

विचारलं गेलं ते १६३८ साली. गॅलिलिओ तेव्हा चर्चच्या शिक्षेमुळं नजरकैदेत होता. त्यानं 'दोन नवी विज्ञानं' हे पुस्तक तीन माणसांच्या संवादाच्या रूपात लिहिलं. पुस्तकाची सुरुवातच व्हेनिसच्या जहाज बांधणीच्या कारखान्यापासून होते. तिथल्या कारागिरांकडून विचार करणाऱ्या माणसाला पुष्कळ शिकता येतं, असं त्यातली पात्रं बोलतात. पुढं एक पात्र आपला अनुभव सांगतं. एका टाकीवरचा पंप पाणी देईना. याला वाटलं पंप बिघडला, म्हणून त्यानं कारागिराला दुरुस्तीला बोलावलं. कारागीर म्हणाला, पंपात काही दोष नाही, पाणी खाली गेलंय. अठरा हातांच्या वर पाणी या पंपानं केसभरही चढणार नाही, पंप लहान असो की मोठा. तिकडचा हात आपल्यापेक्षा लांब. अठरा हात म्हणजे दहा मीटरच्या वर, साधारण चौतीस फूट.

हे वाचलं तेव्हा मी उठून बाबांना फोन केला. त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचं वाक्य चारशे वर्षांपूर्वी इटलीतला एक मिस्तरी बोलून गेलाय." बाबा म्हणाले, "बोलणारच की. पाणी तिकडं वेगळं असतंय का?"

त्या मिस्तरीचं नाव पुस्तकात नाही. गॅलिलिओनं त्याचं म्हणणं मात्र घेतलं, आणि त्यावर जे कारण दिलं ते चुकलं. त्याला वाटलं, फार लांब दोरी जशी स्वतःच्या वजनानं तुटते, तसा पाण्याचा उंच खांब स्वतःच्या वजनानं तुटत असणार. मिस्तरीची माहिती बरोबर, महान वैज्ञानिकाचं स्पष्टीकरण चूक. हे सांगण्यात गॅलिलिओचा अपमान नाही. चूक सापडू शकेल अशा तऱ्हेनं त्यानं ती मांडली, हे त्याचं मोठेपण.

चूक सापडायला सहा वर्षंही लागली नाहीत. त्याच्या अखेरच्या महिन्यांत सोबत राहिलेला टोरिचेल्ली पुढं सरसावला. त्याचा विचार असा: पाण्याला वर कोणी ओढतच नाही. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. हवेला वजन आहे, ते वजन बाहेरच्या पाण्यावर पडतं आणि पाणी नळीत ढकललं जातं. हवेचं वजन जितकं पाणी तोलू शकतं तितकंच चढणार. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पटीहून जास्त जड, म्हणजे तो तितक्याच पटीनं कमी चढायला हवा. काचेची नळी पाऱ्यानं भरली, पाऱ्याच्या वाटीत उलटी धरली. पारा खाली आला आणि सुमारे ७६ सेंटिमीटरवर थांबला. वर नळीत रिकामी जागा. ज्या पोकळीचं निसर्गाला वावडं होतं, ती समोर काचेत दिसत होती. १६४४ सालच्या जूनमध्ये त्यानं हे मित्राला पत्रानं कळवलं.

चार वर्षांनी फ्रान्समध्ये पास्कलनं पुढचं पाऊल टाकलं. हवेचं वजनच जर पाऱ्याला तोलत असेल, तर डोंगरावर हवा कमी, तिथं पारा खाली यायला हवा. पास्कल स्वतः आजारी असायचा, म्हणून मेहुणा पेरिए १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्वी द डोम हा डोंगर चढला. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर उतरला. मला यातली सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. डोंगराच्या पायथ्याशी एका मठात त्यानं दुसरी नळी ठेवली होती आणि एका साधूला दिवसभर तिच्याकडं बघत बसवलं होतं. खालचा पारा दिवसभर हलला नाही. म्हणजे वरचा फरक हवामानाचा नव्हता, उंचीचाच होता. तपासणं म्हणजे काय, हे मला या साध्या पहाऱ्यावरून कळलं.

इथं थोडं थांबून आपल्या लोकांशी बोलते. व्हॉट्सअॅपवर रोज येतं की कणाद ऋषींनी अणू शोधला, वेदांत विमान होतं. आपण त्यावर हसतो आणि हसायलाच पाहिजे. पण आपल्याही ग्रुपवर येतं की नागार्जुनाची शून्यता म्हणजेच आजच्या भौतिकशास्त्रातली पोकळी, बुद्धानं सगळं आधीच सांगितलं होतं. मित्रांनो, हा तोच रोग आहे, फक्त झेंडा निळा. शून्यता हा वस्तूंना स्वतःचं स्वतंत्र अस्तित्व नसण्याचा विचार आहे. तिचा पाऱ्याच्या नळीशी काही संबंध नाही. बुद्धानं एहि पस्सिको म्हटलं, ये आणि बघ. पायथ्याशी नळी घेऊन बसलेला तो साधू ख्रिस्ती होता, पण त्या दिवशी 'ये आणि बघ' त्यानं पाळलं. आपण फॉरवर्ड करून ते पाळत नाही.

पुढची गोष्ट कातड्याची. जर्मनीतल्या मॅग्डेबुर्गचा महापौर गेरिके यानं हवा काढायचा पंप बनवला. १६५७ साली त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा काढली आणि सोळा घोडे जुंपून ते ओढायला लावले, तरी ते सुटता सुटेनात. त्यांना धरून ठेवलं होतं ते फक्त बाहेरच्या हवेनं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलनं हे ऐकलं आणि स्वतःचा पंप बनवून घेतला. 'बनवून घेतला' म्हणते, कारण बॉइल फार श्रीमंत सरदाराचा मुलगा. पंप उभा केला त्याच्या पगारी सहायकानं, रॉबर्ट हूकनं. १६६० साली बॉइलचं पुस्तक आलं. त्यात पंपाची रचना तपशिलानं दिली आहे. लाकडी दट्ट्यावर काय ठोकलं होतं, माहीत आहे? बूट शिवतात त्या कमावलेल्या चामड्याचा जाड तुकडा. दट्ट्या आणि नळकांड्याच्या मधून हवा निसटू नये म्हणून.

ज्या यंत्रानं आधुनिक प्रयोगशाळेची सुरुवात झाली असं इतिहासकार सांगतात, ते यंत्र चामड्यावर चाललं. बाबांच्या डब्यातलं वायसर आणि बॉइलच्या दट्ट्यावरचा तुकडा एकाच कुळातले. आपल्याकडची मोटही चामड्याचीच होती. ती शिवणारा, फाटली की सांधणारा माणूस चामड्यातून पाणी कसं झिरपतं, कुठं दाब जास्त येतो, हे सगळं जाणत होता. पण त्याला शिवलं तर विटाळ. मग त्याच्याशी बसून बोलणार कोण, आणि लिहिणार कोण?

"मग युरोपात काय समता होती?" असा प्रश्न मला विचारला जाईल. नव्हती. इतिहासकार स्टीव्हन शेपिन यानं १९८९ साली एक प्रसिद्ध लेख लिहिला. बॉइलच्या प्रयोगशाळेतले सहायक पंप चालवत, निरीक्षणं नोंदवत, प्रसंगी जखमी होत. पण पुस्तकात ते क्वचितच नावानं दिसतात. त्यांना शेपिन अदृश्य तंत्रज्ञ म्हणतो. एम.ए.ला असताना हा लेख वाचून मला बाबा आठवले होते. तेव्हा युरोपात सरदार होते, नोकर होते, समुद्रापलीकडं गुलामांचा व्यापार होता. त्याचं गुणगान मला करायचं नाही.

पण एक फरक होता आणि तो निर्णायक ठरला. तिथं कारागिराला हलकं मानत, पण त्याच्या स्पर्शानं ज्ञान बाटत नव्हतं. धंदा जन्माला कायमचा चिकटलेला नव्हता. म्हणून हूक नोकर म्हणून आला आणि स्वतः मोठा वैज्ञानिक झाला. थॉमस न्यूकोमेन लोखंडी सामानाचा धंदा करणारा माणूस. त्यानं १७१२ साली खाणीतलं पाणी उपसायला वाफेचं इंजिन उभं केलं. नळकांड्यात वाफ भरायची, गार पाणी मारून ती आटवायची, आत पोकळी होते आणि बाहेरची हवा दट्ट्याला खाली दाबते. पंपापासून सुरू झालेला प्रश्न पंपाकडंच परत आला, पण येताना औद्योगिक क्रांती घेऊन आला. वॉट प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करणारा. तो इंजिन सुधारतो, आणि १८२४ साली कार्नो त्या इंजिनांचा विचार करता करता उष्णतेच्या शास्त्राचा पाया घालतो. पुढं गाइस्लर हा काच फुंकणारा कारागीर पाऱ्याचा पंप बनवतो आणि पूर्वीपेक्षा किती तरी चांगली पोकळी काचेच्या नळीत आणतो. तशाच नळ्यांवर काम करताना १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले, १८९७ साली जे. जे. थॉमसननं इलेक्ट्रॉन दाखवून दिला. थॉमसनचा हात नाजूक कामाला चालत नसे. त्याच्या नळ्या एबेनेझर एव्हरेट हा सहायक फुंकून द्यायचा. विजेचा दिवा, रेडिओचे वाल्व्ह, जुन्या टीव्हीची काच, सगळी या पोकळीचीच लेकरं.

आपल्याकडं डोकं नव्हतं असं नाही, हातही नव्हते असं नाही. राजस्थानात झावर इथं शेकडो वर्षांपूर्वी जस्ताची वाफ करून ती थंड करून धातू काढत होते. हे काम सोपं नाही, जस्ताची वाफ हवेत आली की जळून जाते. रसशास्त्राच्या ग्रंथांत जस्त काढायची कृतीही आहे. मग हे पुढं का वाढलं नाही? आचार्य प्रफुल्लचंद्र राय हे बंगालचे मोठे रसायनशास्त्रज्ञ. 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' या त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड १९०२ साली आला. त्यात त्यांनी कारण दिलं ते जातीचं. हातानं करायची कामं खालच्या जातींकडं ढकलली, प्रेताला हात लावायला नको म्हणून शरीरशास्त्र बुडालं, आणि वस्तूंचं का आणि कसं विचारणारी बुद्धी वस्तूंपासूनच तुटली. हे कोणा आंबेडकरवाद्यानं लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन'मध्ये त्याच्याही मुळाशी हात घातला. जात नुसती कामं वाटत नाही, ती काम करणाऱ्या माणसांना एकमेकांपासून तोडते आणि त्यांची उतरंड लावते.

विज्ञानाला या तुटण्याची किंमत किती पडली असेल? मिस्तरीनं सांगितलेलं गॅलिलिओनं ऐकलं म्हणून टोरिचेल्ली घडला. ज्या गावात मिस्तरीला ओसरीवर चढू देत नाहीत, त्या गावात टोरिचेल्ली घडत नाही.

आता बाबांच्या हापशाकडं परत. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर पडले, हापसे बसले आणि भराभर बिघडले. पुढं देशभर जो टिकाऊ हापसा बसला, तो इंडिया मार्क टू. त्याचा आधार होता सोलापूर पंप, आणि तो शाळेत न शिकता स्वतः शिकलेल्या एका भारतीय मिस्तरीच्या डोक्यातून आलेला. हात आणि डोकं एका माणसात भेटलं की काय होतं, हे आपल्या अंगणात उभं आहे. आपण त्यावर पाणी भरतो आणि विसरतो.

आणि दुसरं टोकही आमच्याच जिल्ह्यात आलंय. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या तशाच वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर पहिल्यांदा पकडली. त्यासाठी चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यात हवा बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागाइतकी. हे मी बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढ्या लांब नळीतली हवा काढायची, तर सांध्यातून हवा आत येऊ नये म्हणून काय करतात? वायसर कशाचं घालतात?" बॉइल आणि हूक रात्रंदिवस ज्या प्रश्नाशी झगडले, तो हाच.

आता पोरानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर.

सेप्टिक टाकीत सडणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. तो हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो; फार असला की नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटतं धोका गेला, आणि तो कोसळतो. हेही विज्ञानाला माहीत आहे. पोकळी साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ माणसाच्या हातात आहे. कायदाही आहे. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात, टाकीत उतरवायला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला आणि नेमका ६ डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, लागू झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाख केली. मग गाडी का नाही आणली? कारण माणसं गाडीपेक्षा स्वस्त पडली. आणि ती स्वस्त पडतात, कारण कोणत्या जातीची माणसं उतरणार हे आधीच ठरलेलं असतं.

बाबासाहेबांनी १९४५ साली गांधीवादावर लिहिताना यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्या माणसाला ढोरमेहनतीतून सोडवून विचार करायची फुरसत देईल ते यंत्रच देईल, हे त्यांना दिसत होतं. चवदार तळ्याचं पाणी १९२७ साली आपण हातानं उचललं. आता प्रश्न असा आहे की घाणीतून हात काढून घ्यायचा आणि त्या हातात पाना, फुटपट्टी आणि वही द्यायची.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एक प्रयोग केला. ओळखीच्या एका चार मजली इमारतीची गच्ची मागून घेतली. जाड, पारदर्शक प्लास्टिकची चाळीस फूट नळी आणली. बाबा गावाहून आले. त्यांनी नळीत पाणी भरून वरचं तोंड पक्कं बंद केलं, खालचं तोंड बादलीतल्या पाण्यात बुडवलं. पाणी दिसावं म्हणून त्यात कपड्याची नीळ घातली होती. पोरांनी गच्चीवरून दोरीनं नळी वर ओढली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, निळं पाणी नळीबरोबर वर जात राहिलं. मग एका ठिकाणी थांबलं. नळी वर जात होती, पाणी जात नव्हतं. वर रिकामी जागा आणि पाण्यातून बुडबुडे. पोरं ओरडायला लागली.

टेप लावून मोजलं, तर एकतीस फुटांच्या आसपास. एक मुलगी म्हणाली, "ताई, पुस्तकात चौतीस आहे, आपलं चुकलं." मग आम्ही बसून हिशेब केला. आमचं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे चारशे मीटर उंच, म्हणजे पेरिएच्या डोंगरावर होता तसा इथंही हवेचा दाब थोडा कमी. आणि रिकाम्या जागेत थोडी पाण्याची वाफही भरते, ती खाली दाबते. चुकलं नव्हतं. आमच्या गावाचा आकडाच तो होता.

नववीतला तो मुलगा टेपचं खालचं टोक धरून बसला होता. सगळे गच्चीवरून उतरत असताना माझ्याजवळ आला. म्हणाला, "ताई, पप्पांची टाकी नऊ फूट होती. पंचनाम्यात लिहिलंय."

मी मान हलवली. त्यानं वही उघडली, वर ३१ लिहिलं, खाली ९ लिहिलं, वजाबाकी केली आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या.

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात, शाळेत टाकी साफ करायला माणूस आला, तर त्याला उतरू देऊ नका, गाडी मागवा. कोणी म्हणेल की गाडीनं होत नाही, तर टाकी मोजायला सांगा. आणि आपल्या पोरांना विज्ञानाचं पुस्तक पाठ करायला लावण्याआधी एकदा नळी, बादली आणि टेप हातात द्या.

जय भीम!